मूळ रंग कोणत्या दिवसाचा?

1954 साली ब्रुक्स स्टीव्हन्स या मिलवॉकीच्या डिझायनरनं मिनिआपोलिसला जाहिरातवाल्यांपुढे एक भाषण केलं. गिऱ्हाइकाची वस्तू मोडण्याची वाट कशाला बघायची, असा त्याचा सवाल होता. हातातली वस्तू धड असतानाच आणखी जरा नवी, जरा बरी घ्यावीशी वाटायला लावणं हे उत्पादकाचं कामच आहे, असं तो उघडपणे मांडत असे. त्याच्या गिऱ्हाइकांत मिलवॉकीचीच एव्हिनरूड कंपनी होती. ती आउटबोर्ड मोटरी बनवायची. होडीच्या पाठच्या फळीला क्लॅम्पनं अडकवायचं, दोरी ओढून सुरू करायचं आणि काम झालं की उचलून घरी न्यायचं, असं हे इंजिन. त्याच्या पोटातली यंत्रणा वर्षानुवर्षं तीच राहायची. वरच्या टोपाचा आकार, पट्टे आणि रंग मात्र बदलत राहायचे, म्हणजे शेजाऱ्याची नवी मोटर पाहून आपली जुनी डोळ्यांत खुपावी.

आज सत्तर वर्षांनी त्याच रंगांच्या हुबेहूब छटेसाठी अमेरिकेतले हौशी लोक जिवाचं रान करतात. जो रंग दोन वर्षांत शिळा वाटावा अशीच व्यवस्था होती, तो आता इंचाइंचाला जुळवायचा असतो. या खटाटोपाला हसण्याचं कारण नाही, कारण त्यामागचा प्रश्न खरा आहे. फक्त तो बहुतेक वेळा चुकीचा विचारला जातो. 'मूळ रंग कोणता?' असं विचारलं की कुठल्या तरी डब्यावरचा क्रमांक उत्तर म्हणून पुढे येतो. विचारायला हवं ते वेगळंच : मूळ म्हणजे कोणत्या दिवसाचा, आणि त्याला पुरावा काय?

रंगाला एवढं महत्त्व का, हे या धंद्याच्या इतिहासात पाहिलं की कळतं. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडनं 1909 साली बाजारात आणलेली मोटर दीड अश्वशक्तीची आणि 62 पौंड वजनाची होती. त्या काळच्या मोटरी म्हणजे उघडं यंत्र : पितळ, कासं, बीड, ॲल्युमिनियम. रंगाचा प्रश्न फारसा नव्हताच. 1930च्या दशकात यंत्रावर टोप चढू लागला आणि रंगायला पृष्ठभाग मिळाला. त्याच दशकाच्या मध्यावर एव्हिनरूड आणि तिची कट्टर प्रतिस्पर्धी जॉन्सन एकाच मालकीखाली आल्या; पुढे या कंपनीचं नाव आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन झालं. 1950च्या दशकात तर दोन्ही नावांनी विकली जाणारी कित्येक इंजिनं आतून जवळजवळ सारखी होती. टोप काढून दोन्ही शेजारी ठेवली, तर जाणकारालाही क्षणभर थांबावं लागेल. टोप चढवला की एक निळं एव्हिनरूड, दुसरं हिरवं जॉन्सन.

याच कंपनीचा गेल प्रॉडक्ट्स हा विभाग इलिनॉयमधल्या गेल्सबर्गला होता. तिथून निघालेल्या मोटरी माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानांत 'सी किंग' म्हणून, तर टायरवाल्या गुडइयरकडे 'सी-बी' म्हणून विकल्या जात. घराणं एकच, नावाची चिठ्ठी आणि रंग वेगळे. अशा मोटरीचा रंग खरवडून भलताच लावला, तर मोटरीची ओळखच पुसली जाते. जॉन्सनच्या मोटरी पन्नाशीच्या सुरुवातीला हिरव्या होत्या आणि साठीच्या उंबरठ्यावर पांढऱ्या झाल्या, त्यामुळे तिथे रंग हाच सालाचाही दाखला. विस्कॉन्सिनच्या सीडरबर्ग गावात 1939 साली कार्ल किखेफरनं उभ्या केलेल्या मर्क्युरीनं तर पन्नाशीच्या उत्तरार्धात 'सनसेट ऑरेंज', 'सारासोटा ब्लू' अशी नावं देऊन दुरंगी मोटरींची रांगच लावली. पुढे साठच्या दशकात हीच कंपनी 'फँटम ब्लॅक' या नावाच्या काळ्या रंगावर आली आणि काळी मोटर म्हणजे मर्क्युरी असं समीकरणच होऊन बसलं.

तेव्हा रंग अचूक हवा, हे कबूल. अडचण अशी की अचूक या शब्दाला टेकायला किमान चार जागा आहेत. एक रंग कारखान्यात आलेल्या डब्यातला. दुसरा, तो डबा एका विशिष्ट अस्तरावर, विशिष्ट जाडीनं फवारून भट्टीत भाजल्यावर टोपावर उतरलेला. तिसरा, सत्तर उन्हाळे आणि पेट्रोलचे ओघळ सोसून आज समोर असलेला. आणि चौथा, मालकाला लहानपणी आजोबांच्या होडीवर पाहिलेला आठवतो तो. हे चारही एकमेकांशी जुळत नाहीत आणि प्रत्येकाला 'ओरिजिनल' म्हणणारे लोक भेटतात.

चौथ्याचा निकाल लवकर लागतो. सी. जे. बार्टलसन या संशोधकानं 1960 साली ओळखीच्या वस्तूंच्या आठवणीतल्या रंगांवर काम केलं. माणसाच्या आठवणीतला रंग प्रत्यक्षापेक्षा अधिक भरीव होत जातो, असं त्यात दिसलं. आठवणीतलं गवत खऱ्या गवताहून हिरवं असतं. तेव्हा 'मला पक्कं आठवतंय' हे वाक्य जिव्हाळ्याचं खरं, पण साक्ष म्हणून कच्चं.

तिसरा रंग, म्हणजे आज दिसणारा, जास्त फसवा, कारण तो डोळ्यांसमोर असतो. हल्ली रंगाच्या मोठ्या दुकानांत स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. टोपावर ते हातयंत्र टेकवलं की क्षणात आकडे आणि मिश्रणाचं सूत्र हातात पडतं. हौशी माणूस खूश. पण यंत्र समोर आहे तेवढंच मोजतं. उन्हानं विटलेला, वरचा थर भुकटी होऊन पांढुरका पडलेला हिरवा त्याला दाखवला, तर ते अतिशय प्रामाणिकपणे विटलेला हिरवा देतं. त्या सूत्रानं रंगवलेली मोटर नवीकोरी चकाकते आणि रंग मात्र म्हातारा असतो. तसा रंग 1952 साली कुठल्याही मोटरीवर नव्हता, आणि जुन्या मोटरीची जुनी कांतीही त्यात नसते.

म्हणून यंत्र लावण्याआधी जागा शोधावी लागते. खरं कसब इथेच आहे. उदाहरणार्थ, रिव्हेट मारून बसवलेली नंबरप्लेट. ती बहुधा रंगकाम झाल्यावर बसायची. तिचे रिव्हेट जपून काढले की खाली बोटभर लांबीचा पट्टा सापडतो, ज्याला कारखान्यातून निघाल्यापासून ऊन लागलेलं नसतं. टोपाची आतली कड, उचलायच्या मुठीचं बूड, क्लॅम्पच्या आड दडलेला भाग, सुरू करायच्या दोरीच्या चकतीखालची गोल जागा, या सगळ्या तशाच. पण त्यांवरही डोळे मिटून विश्वास टाकायचा नाही. तेलकट बंधकाचं इनॅमल अंधारात पिवळं पडतं, म्हणजे उन्हापासून वाचलेला रंग पिवळेपणापासून वाचलेला असतोच असं नाही. पाण्यात भिजवून चिकटवलेल्या चिठ्ठीखालचा रंग उन्हापासून सुरक्षित, पण चिठ्ठीवरचं वार्निश आणि खालचा गोंद स्वतःचा डाग सोडून जातात. एका जागेवरून निकाल देऊ नये. तीन-चार जागा ताडून बघाव्यात आणि त्या एकमेकींशी का जुळत नाहीत, याचं कारण शोधावं.

मग येतो पॉलिश पेपर. जुन्या वास्तूंचे रंग तपासणारे तज्ज्ञ वापरतात तीच पद्धत इथेही चालते. टोपाच्या न दिसणाऱ्या भागावर अगदी बारीक पाणपेपर ओला करून रुपयाएवढ्या जागी गोल गोल फिरवायचा. मधोमध उघडा धातू येईपर्यंत घासलं की भोवती कडी उमटतात : धातू, त्यावर अस्तराचा फिका पिवळट-हिरवा थर, मग कारखान्याचा रंग, मग कुण्या मालकानं ब्रशनं थापलेला दुसराच निळा, वर कदाचित आणखी एक. भिंग धरून पाहिलं की प्रत्येक कड्याची जाडी आणि पोत वेगळा कळतो. फवारून भाजलेला थर सलग, ताणलेला असतो. हातानं लावलेल्यात ब्रशच्या रेषा आणि धूळ अडकलेली असते. कैक लोक ज्याला मूळ रंग समजून पैसे मोजतात, तो या कड्यांत कारखान्याच्या रंगाच्या वरचा निघतो. हे काम ओलं करण्यामागे आणखी एक कारण आहे. त्या काळच्या पिवळ्या-हिरव्या औद्योगिक रंगांत लेड क्रोमेट आणि अस्तरांत झिंक क्रोमेट सर्रास असे. शिसं आणि क्रोमियम, दोन्ही विषारी. कोरडं घासून ती धूळ छातीत घेणं हा कुठल्याच छंदाचा भाग असू नये.

लेड क्रोमेटचा मुद्दा फक्त तब्येतीपुरता नाही, जुळणीची सगळ्यात चिवट अडचणही तिथूनच येते. जुना हिरवा बऱ्याचदा क्रोम पिवळा आणि प्रशियन निळा यांच्या मिश्रणातून व्हायचा. त्यातला पिवळा उन्हानं आणि गंधकाच्या हवेनं काळवंडतो. आजचा हिरवा शिशाविना करायचा म्हणून तो बहुधा थॅलोसायनिन जातीच्या रंगद्रव्यांतून होतो. या कुळातला निळा 1928 साली स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथ इथे एका कारखान्यात अपघातानं सापडला आणि 1935 साली बाजारात आला. वेगळ्या द्रव्यांतून केलेले दोन हिरवे अंगणात शेजारी ठेवले, तर डोळ्याला सारखे भासतील. तेच दोन तुकडे खोलीत पिवळ्या बल्बखाली न्या. एक तपकिरीकडे झुकलेला आणि दुसरा निळसर. प्रकाश बदलला की जोडी फुटते, कारण दोन्ही रंग प्रकाशातल्या वेगवेगळ्या लहरी वेगवेगळ्या प्रमाणात परतवतात आणि फक्त एका उजेडात त्यांची बेरीज जुळलेली असते. म्हणून 'उन्हात पाहिलं, जुळलं' एवढ्यावर काम संपत नाही. नमुन्याच्या पत्र्यावर रंग फवारून, पूर्ण वाळवून तो दिवसाच्या उजेडात, बल्बखाली आणि ट्यूबलाइटखाली असा तिन्हीकडे जुन्या तुकड्याला लावून बघावा लागतो. तिन्हीकडे जुळणं बहुतेक वेळा शक्य नसतं. मग कोणत्या उजेडातली जुळणी खरी मानायची, हा निर्णयच असतो. मोटर तळ्यावर चालवायची वस्तू आहे, तेव्हा दिवसाच्या उजेडाला मान द्यावा, हे तर्काला धरून होईल. पण हा तर्क आहे, हे विसरून चालत नाही.

चकाकी हा तर दुर्लक्षितच विषय. आज गाड्यांच्या रंगकामात खाली रंगाचा थर आणि वर पारदर्शक लाखेसारखा थर देतात. जुन्या मोटरींना एकाच थराचं इनॅमल असे. पारदर्शक थरामुळे रंग ओला, खोल दिसतो, आणि तोच निळा एक पायरी गडद वाटतो. सूत्र शंभर टक्के बरोबर असूनही रंग चुकतो तो इथे. धातूच्या कणांची चमक असलेल्या रंगांत तर स्प्रे गनचा दाब, थिनरचं प्रमाण आणि हात किती अंतरावर धरला, यावर ॲल्युमिनियमचे कण आडवे बसतात की उभे, ते ठरतं. त्यावर छटा ठरते. एकाच डब्यातून दोन कारागिरांनी फवारलेले दोन टोप म्हणूनच भावंडांसारखे दिसतात, जुळ्यांसारखे नाहीत.

इथून दुसऱ्या रंगाकडे, म्हणजे कारखान्यातल्या रंगाकडे वळलं की अनेकांच्या पायाखालची वाळू सरकते. तिथेही एकच रंग नव्हता. रंग पिंपांच्या खेपांनी येई आणि खेपेगणिक थोडा फरक पडे. भट्टीची आच कमीजास्त झाली की पांढरा किंचित पिवळा पडे. लाइनवर ओरखडा आला तर तिथल्या तिथे हातानं डागडुजी होई. आजच्या मोटरप्रेमींना जेवढी काटेकोर छटा हवी आहे, तेवढी ती बनवणाऱ्यांनी कधी पाळलीच नव्हती. त्यांना पाळायची गरजही नव्हती. मग काही संग्राहक जुन्या जाहिरातपत्रकांचा आधार घेतात. त्या पत्रकातलं चित्र चार शाईंत छापलेलं, कागद पिवळा पडलेला, आणि चित्रकारानं विक्रीसाठी रंगाला आणखी उठाव दिलेला. पत्रकावरून पट्टे कुठे होते, चिठ्ठी कुठे होती, कोणता भाग पांढरा आणि कोणता निळा, हे नक्की सांगता येतं. छटा सांगता येत नाही.

बाजारात नाव लिहिलेले तयार स्प्रेचे डबे मिळतात. त्यांची सोय नाकारण्यात अर्थ नाही. नेहमीच्या मोटरीला, रविवारी तळ्यावर नेणाऱ्या माणसाला ते पुरे आहेत. पण त्या डब्यातला रंग हा कुणीतरी कधीतरी एका टोपावरून केलेला अंदाज आहे. तो टोप कोणता, उन्हातला की प्लेटखालचा, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. होतं असं की दहा वर्षं शेकडो लोक तोच डबा वापरतात, सगळीकडे त्याच छटेच्या मोटरी दिसू लागतात, आणि मग एखाद्याची जपलेली, कधीच न रंगवलेली मोटर समोर आली की तीच चुकीची वाटते. नक्कल एवढी पसरते की मुळाला आपण मूळ असल्याचा दाखला द्यावा लागतो.

हे केवळ छंदाच्या जगात घडतं असं नाही. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारनं अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. पोपडे सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते उपकारच झाले. पण चित्रांवर त्यांनी चपड्याचं वार्निशही चढवलं. ते पुढे पिवळं, तपकिरी पडत गेलं आणि कित्येक पिढ्यांच्या मनात अजिंठा म्हणजे धूसर, मधाळ, पिंगट असंच चित्र ठसलं. पुरातत्त्व खात्यानं नंतर ते थर काढायला घेतले, तेव्हा खालून निळे आणि हिरवे वर आले. लेणी आणि मोटर यांची बरोबरी अर्थातच नाही. पण वरून दिलेल्या थरानं मूळ म्हणून डोळ्यांत बसणं, ही प्रक्रिया दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे.

या विषयात जगानं आधीच विचार केलेला आहे. 1964च्या व्हेनिस सनदेनं स्मारकांच्या जीर्णोद्धाराबद्दल दोन गोष्टी सांगितल्या : जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे; आणि नव्यानं घातलेला भाग एकूण रूपाशी मेळ राखूनही वेगळा ओळखू आला पाहिजे. मोटरीला हे कलम शब्दशः लावता येत नाही, कारण रंगाचा टोप अर्धा जुना आणि अर्धा नवा ठेवणं कुणालाच रुचणार नाही. पण त्यातलं तत्त्व लावता येतं. पहिलं म्हणजे, वाचण्याजोगा रंग असेल तर रंगवूच नये. बारीक पॉलिशनं वरची भुकटी काढली की खालून अनपेक्षित ताजा रंग निघतो, आणि ओरखडे राहिले तर राहू द्यावेत. तळ्याकाठच्या एका कुटुंबानं तीस वर्षं वापरलेल्या मोटरीच्या मुठीपाशी झिजलेला रंग हीसुद्धा माहिती आहे. दुसरं म्हणजे, रंगवलंच तर जुना एक तुकडा जागेवर ठेवावा : टोपाच्या आत, तळहाताएवढा, अस्तरासकट.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मोटर ज्याची, पैसा ज्याचा, हौस ज्याची; त्यानं ती जांभळी रंगवली तरी कुणाचं काय गेलं? शिवाय खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला पांढरी बुरशी धरते आणि पोपडे आलेला जुना रंग तसाच ठेवणं म्हणजे धातू कुजू देणं. दोन्ही खरं आहे. हजारोंनी बनलेली, चालती, रोज वापरातली मोटर हवी तशी रंगवावी आणि नीट अस्तर मारून रंगवावी. तक्रार स्वातंत्र्याबद्दल नाही, दाव्याबद्दल आहे. 'मला हा निळा आवडला' असं म्हणणाऱ्याशी वाद असूच शकत नाही. 'हा 1955चा खरा निळा आहे' असं म्हटलं, की ते विधान तपासणीला उभं राहतं. आणि त्या विधानावर मोटरीची किंमत वाढते, तेव्हा तर राहिलंच पाहिजे.

तपासणार कोण, हा आजचा पेच आहे. आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशननं डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. एव्हिनरूडचं नाव विकत घेणाऱ्या कॅनडाच्या कंपनीनं 2020 साली त्या मोटरींचं उत्पादन थांबवलं. रंगाचा वाद घेऊन जावं असा कारखाना राहिलेला नाही. 1965 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या अँटिक आउटबोर्ड मोटर क्लबसारख्या संस्था आणि त्यांचे जाणते सभासद आहेत, पण त्यांचं ज्ञानही शेवटी टिकलेल्या टोपांवरच उभं आहे. आणि प्रत्येक नवं रंगकाम त्यातला एक टोप कमी करतं. पेंट रिमूव्हर लावून, लांबी भरून, घासून गुळगुळीत केलेल्या टोपावर 1955 सालचा रंग जराही शिल्लक राहत नाही. तो कचऱ्याच्या डब्यात धूळ होऊन पडलेला असतो.

म्हणूनच रंग काढण्याआधीची नोंद ही रंगकामाइतकीच महत्त्वाची मानायला हवी. मोटरीचा मॉडेल आणि सिरियल नंबर. नमुना कुठल्या जागेवरून घेतला. घासून दिसलेले थर कोणत्या क्रमानं होते. यंत्राचे आकडे कोणत्या उजेडाच्या हिशेबानं घेतले. शेवटी वापरलेलं सूत्र आणि त्यात नजरेनं केलेली दुरुस्ती. सोबत फवारलेल्या नमुन्याचा एक पत्रा आणि टोपाच्या आत राखलेला जुना तुकडा. प्रदर्शनात बक्षीस देणाऱ्यांनी चकाकीआधी हा कागद मागायला सुरुवात केली, तर दोन-चार हंगामांत सगळ्यांना सवय लागेल. याला फार तर एक संध्याकाळ लागते. ती द्यायची तयारी नसेल, तर मालकानं मोटर खुशाल रंगवावी. विकताना पाटीवर 'मूळ रंगात' असं लिहू नये.